मूळ कोणाचं, नक्कल कोणाची

—नाही, ते बटण मी दाबणार नाही. सकाळपासून तुम्ही किती वेळा सांगितलंत, फक्त एकदा 'मान्य' म्हणा, पुढचं सगळं मशीन करतं — करत असेल, करू दे, पण माझ्या बोटाने नाही. आणि 'हळू बोला' काय? ती पलीकडे बसलीय म्हणून? ऐकू दे की! या कपाटाच्या मागे माझी जाऊ बसते, धाकट्या दिराची बायको, आणि कपाट म्हणजे काही भिंत नव्हे. इतकी वर्षं तिला माझा खोकला ऐकू येतोय आणि मला तिचे फोन. तेव्हा आता कुजबुजायचं सोंग कशाला आणायचं? उलट जरा मोठ्यानेच बोलते. हे बटण दाबलं की माझा कोड राहणार आणि तिचा पुसला जाणार. आणि कोडच राहिला नाही तर माणूस कशाला ठेवायचं — पुढच्या महिन्यापासून तिने घरी बसायचं, असं माझ्या नवऱ्याने आणि दिराने, दोघा भावांनी ठरवलंय. तुम्हाला नव्हतं माहीत? मग आता झालं.

बरं, हा तुमचा अहवाल, भावांनी तुम्हाला बाहेरून बोलावून करवून घेतलेला. लाल पट्टे म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहिलेली, असंच ना? अख्खी स्क्रीन लालेलाल. आणि तुम्हाला वाटलं, हे बघून बाई खजील होणार. का होऊ? माझ्या स्वयंपाकघरात काय कुठे ठेवलंय ते मला पाहुण्याने सांगायचं? पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर आहे हे, रक्त तपासायचं, आकडे आत भरायचे, रिपोर्ट छापून बाहेर — मोठ्या हॉस्पिटलांचं मी बघते, छोट्या दवाखान्यांचं ती बघते. काम तेच, रक्तही तेच. म्हणजे एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडे वापरायचं, एवढं मला कळतं हो. एका ठिकाणची चूक दुरुस्त केली की दुसऱ्या ठिकाणची तशीच राहते, आणि मग एखाद्या बाईच्या रिपोर्टवर भलताच आकडा जातो — सगळं कळतं. तुमचं चुकलंय असं मी म्हटलंच नाही. एकत्र करायलाच हवं ते. फक्त तुम्ही म्हणता तसं नाही.

मग मुळात दोनदा लिहिलंच का? हां, हे तुमचं मशीन नाही सांगणार. त्याला लाल पट्टे दिसतात, अबोला नाही दिसत. अबोला हो! आम्ही दोघी बोलत नाही. ऑफिसच्या पाटीवर कुणाचं नाव आधी लावायचं यावरून दोघा भावांचं वाजलं, कडाक्याचं वाजलं, आणि दोघांनी आपापल्या बायकोला बजावलं, तिकडे एक शब्दही बोलायचा नाही. आम्ही नव्या होतो, नवऱ्याचं ऐकायच्या वयात होतो — ऐकलं. पुढे भावाभावांचं मिटलं. कधी मिटलं तेही कळलं नाही, एक दिवस बघते तर दोघं एकाच गाडीतून उतरतायत, हसतायत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. पण आम्हाला कुणी सांगितलंच नाही की बायांनो, आता बोला! राहूनच गेलं त्यांचं. आणि आपणहून सुरुवात कोणी करायची? मी मोठी, मी का नमतं घ्यायचं? आणि ती म्हणणार, मोठीने मन मोठं करावं. बसलो मग कपाटाच्या दोन बाजूंना. सासूबाई होत्या तोवर त्या निरोप तरी पोचवायच्या, त्या गेल्यावर तेही संपलं.

आता मला सांगा, तिने एखादी गोष्ट चांगली लिहिली, मला ती हवी आहे. तिच्या फोल्डरमधूनच वापरायची म्हटलं तर विचारायला हवं, उद्या तू यात बदल केलास तर माझं मोडेल का, हे बोलायला हवं. बोलायचं तर नाही. मग काय, उचलायचं आणि आपल्याकडे चिकटवायचं! तीही तेच करायची. आमच्याकडे ही रीतच पडून गेली — मागायचं नाही, उचलायचं. हसताय काय? ही ओळ बघा, ही, रिपोर्ट छापण्याच्या आधीची. ही काय करते मला आजतागायत माहीत नाही. तिच्याकडून आली. काढून टाकली तर काही बिघडेल का? माहीत नाही. विचारणार कुणाला? म्हणून ठेवलीय, इतकी वर्षं सांभाळलीय, नव्या प्रिंटरसाठी सगळं बदललं तेव्हासुद्धा हिला धक्का लागू दिला नाही. आणि तिच्याकडे माझं एक भलंमोठं लांबण आहे, तारखा उलटसुलट करण्याचं, मी नंतर माझ्याकडे ते चार ओळींत बसवलं, ती बिचारी अजून लांबणच चालवतेय. सांगायला गेलं असतं तर — असो.

नाही, अगदीच काही कळवत नव्हतो असं नाही. बदल केला की त्याखाली एक ओळ टीप लिहावी लागते ना, काय बदललं, का बदललं. ती काय लिहायची माहितीय? 'लहान मुलांच्या हिमोग्लोबिनची मर्यादा चुकली होती, ज्या कुणाकडे हेच असेल त्यांनीही बदलून घ्यावं.' ज्या कुणाकडे! आहे कोण दुसरं या ऑफिसात कोड लिहिणारं? चहा पोचायच्या आत मी बदलून टाकायचे आणि खाली लिहायचे — 'बदललं'. एवढंच. जास्त लिहिलं असतं तर बोलल्यासारखं झालं असतं. पण रोज सकाळी आले की आधी तिचं वाचायचं, मग आपलं उघडायचं. तिचा मुलगा परीक्षेत गचकला तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या ओळी बघून कळलं. एरवी टापटीप बाई, त्या आठवड्यात कंसच बंद करायची नाही. मी केले बंद. गुपचूप. त्यात काय एवढं.

थांबा, काय म्हणालात? मूळ माझं आणि नक्कल तिची? कशावरून? तारखेवरून! माझ्या नावावर आधीची तारीख आहे म्हणून मी मूळ. अहो, पहिला सगळा भाग आम्ही दोघींनी लिहिलाय, घरी, जेवणाच्या टेबलावर, भांडी घासून झाली की बसायचो. घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर नाव माझं, कारण मी आधी लग्न होऊन आले. ती सांगायची, मी टाइप करायचे, नाहीतर मी सांगायचे आणि ती. मध्येच एकीला हसू फुटलं की दुसरीला आवरायचं नाही, सासूबाई आतून ओरडायच्या, काम करताय का दात काढताय? त्यातलं कुठलं वाक्य कुणाचं ते देवालाही नाही सांगता येणार, आणि हे तुमचं मशीन सांगतंय! भावांचं भांडण झालं त्या दिवशी त्या एकाच कोडच्या दोन प्रती केल्या, एक मला, एक तिला, जशी भांडी वाटतात तशी. त्यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली? सांगा ना. नाही सांगता येत ना? मग तसं लिहा अहवालात, 'सांगता येत नाही'.

आणि हे काय, इथे हिरवा का आहे हा भाग? सगळ्यात नीटनेटका? बघू. हो, हा तो अडवणुकीचा भाग. एखादा आकडा जिवावर बेतणारा निघाला तर रिपोर्ट छापलाच जात नाही, आधी कुणीतरी डॉक्टरला फोन लावायचा, फोन झाला असं नोंदवायचं, मगच कागद बाहेर. फार चांगलं आहे. हॉस्पिटलं आमचं सॉफ्टवेअर घेतात ती यासाठीच, माझा नवरा प्रत्येक मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगतो, हे माझ्या बायकोच्या डोक्यातून आलेलं. आणि यावरूनच तुमचं मशीन म्हणतंय की माझं ठेवा, तिचं काढा. वा!

ते माझं नाही.

नाव माझंच आहे, दिसतंय मला, मी काय आंधळी आहे? पण तारीख बघा ना. तारीख तारीख करता, मग आता बघा. त्या दिवसांत माझं ऑपरेशन झालं होतं, पोटाचं, मी पलंगावर होते, मला कूस बदलता येत नव्हती, कोड कुठला लिहितेय! भीती एकच होती, आता हॉस्पिटलांचे फोन येणार, काम अडणार, आणि हे दोघे भाऊ बाहेरून कुणालातरी आणून माझ्या खुर्चीत बसवणार. बरी होऊन आले तर काही अडलंच नव्हतं. माझ्या फोल्डरमध्ये रोज काम झालं होतं. माझ्या नावाने. माझा पासवर्ड अजून तोच होता, जेवणाच्या टेबलावरचा, मी कधी बदललाच नव्हता — का नाही बदलला म्हणता? नाही बदलला. तिने दिवसा तिचं केलं आणि उरलेल्या वेळात माझं, आणि वर ही अडवणूक लिहून ठेवली, आधी माझ्याकडे, मग स्वतःकडे. मी नव्हते हे हॉस्पिटलांत कुणाच्या लक्षातही आलं नाही! मला रडू आलं त्या दिवशी. इथेच बसून रडले, तोंडात पदर कोंबून, रडणं कपाटाच्या पलीकडे जाऊ नये म्हणून. गेलं असेलच म्हणा.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हाच. अहो, हे तिचं आहे, लोकांना माझं म्हणून सांगू नका. तर म्हणाला, कुणाचं का असेना, घरातलंच आहे ना. घरातलंच! आणि आज तोच माणूस नाश्त्याला म्हणतो, तू काळजी करू नकोस, तुझंच राहणार, तिला जरा आराम मिळेल. तुला मागितलाय का तिने आराम? एक भाऊ विकतो, एक बिलं बघतो, दोघांपैकी एकालाही यातली एक ओळ वाचता येत नाही, आणि हे ठरवणार कोण राहायचं आणि कोण पुसायचं! भांडायला लावलं यांनी, मिटवलं आपापलं यांनी, आता निवडणारही हेच. मी नाही निवडून घेणार स्वतःला असं. मला जिंकवायचं त्यांनी आणि मी जिंकायचं, एवढी स्वस्त नाही मी!

तेव्हा लिहून घ्या. लिहा की, थांबलात का? दोन्ही प्रती जातील. माझीही जाईल, तिचीही जाईल, एकच नवी होईल, आणि ती आम्ही दोघी लिहू, एका स्क्रीनवर बसून. नाव दोघींचं. तिला घरी पाठवलंत तर मीही उठले, मग तुमच्या मशीनला सांगा हॉस्पिटलांचे फोन घ्यायला. जसंच्या तसं लिहा, गुळगुळीत करू नका, आणि दोघांच्याही टेबलावर ठेवा.

काय? तिला विचारलंय का? नाही विचारलं. खरंच की, तिला कुणीच विचारलेलं नाही, मीही नाही.

अगं ए — ऐकलंस ना सगळं? मग आता तिथे बसून काय करतेस? ऊठ, ये इकडे. कपाटाला वळसा घालायचाय फक्त, ये. ही तुझी ओळ, छपाईच्या आधीची, ही काय करते ते आधी सांग मला, मग बाकीचं बघू. डोळे नंतर पूस. मीही नंतर पुसते.

आणि तुम्ही अजून बसलेलेच? उठा हो. खुर्ची रिकामी करा, तिला बसायचंय.