नागवेकरबाईंच्या सेवापुस्तकातला एक शेरा

आजच्या समारंभाचे आणि आपल्या आंबा कलम उत्पादक सहकारी संघाचेही अध्यक्ष माननीय श्रीपतराव सुर्वे, वेळात वेळ काढून आलेल्या कृषी अधिकारी ऋजुताताई अभ्यंकर, संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य, पावसपासून हातखंब्यापर्यंतच्या रोपवाटिकांतून आलेली आमची कलमं बांधणारी मंडळी, जिच्यासाठी हे सभागृह आज भरलं आहे ती आमची सत्कारमूर्ती श्रीमती सावित्री नागवेकर, आणि बंधू-भगिनींनो,

मी रघुनाथ बेहेरे. गेल्या वर्षीपर्यंत या संघाचा चिटणीस होतो, एकूण अठरा वर्षं. सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. चिटणीस माणूस वेळेत थांबला असं आजवर कधी झालेलं नाही, तेव्हा अध्यक्षांनी घंटी जरा लांबच ठेवावी.

नागवेकरबाई १९७३ साली टंकलेखिका म्हणून संघात आल्या. आज २००९ साली निवृत्त होताना त्या मातृवृक्ष नोंदवहीच्या प्रमुख आहेत. पाहुण्यांपैकी काहींना प्रश्न पडला असेल की ही नोंदवही म्हणजे काय. आपण जे हापूसचं कलम विकतो, त्याच्या गळ्यात एक नंबर असतो. तो नंबर नोंदवहीत काढला की कळतं, ही काडी कोणत्या बागेतल्या कोणत्या झाडावरून घेतली, कोणी बांधली, कधी बांधली. घेणारा माणूस ते कलम लावतो आणि फळासाठी पाच-सहा वर्षं वाट बघतो. सहाव्या वर्षी त्याला साधा रायवळ आंबा धरला, तर त्याची ती वर्षं कोण परत देणार? म्हणून तो नंबर म्हणजे संघाचा शब्द आहे, आणि तो शब्द छत्तीस वर्षं या बाईंनी सांभाळला.

नव्याण्णव साली ही नोंदवही कॉम्प्युटरवर आली. तो कॉम्प्युटर, म्हणजे ज्याला सर्व्हर म्हणतात तो, इथे रत्नागिरीच्या कार्यालयात. कलमं मात्र बांधली जातात पावसच्या रोपवाटिकेत. मग आम्ही काय केलं? पावसला दुसरा कॉम्प्युटर ठेवला आणि दर शनिवारी फ्लॉपी एसटीने इकडून तिकडे न्यायला लागलो. ही युक्ती माझी होती आणि मला तिचा अभिमानही होता. पाच-सहा वर्षांत चाळीस कलमं अशी निघाली की नंबर एकच, पण दोन कॉम्प्युटरवर नोंदी वेगवेगळ्या. एका झाडाला दोन आया. ती चाळीस कलमं बाईंनी रोपवाटिकेत उभं राहून एकेक ओळखून काढली, आणि मग मला सांगितलं की अण्णा, वही एकच असायला हवी. ती हलायला नको. बघणाऱ्याने आपल्या जागेवरून ती बघायची.

मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? त्या म्हणाल्या, शक्य आहे असं पुस्तकात लिहिलंय. त्यांचं वय तेव्हा पंचावन्न होतं. पंचावन्नाव्या वर्षी आपण चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुरकुरतो. या बाई शब्दकोश बाजूला ठेवून सहाशे पानांचं इंग्रजी पुस्तक वाचत होत्या.

कल्पना अशी होती की रत्नागिरीच्या सर्व्हरवर एक प्रोग्राम बसवायचा. पावसच्या कॉम्प्युटरवर नवं काही बसवायचं नाही. तिथे सखारामने, म्हणजे आमच्या रोपवाटिकेच्या प्रमुखाने, फक्त ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, पासवर्ड टाकायचा, आणि त्याच्यापुढे इथल्या सर्व्हरचा पडदा जसाच्या तसा यायचा. तिथे माउस हलवला की इथला बाण हलायचा. ऐकायला सोपं आहे. पण टेलिफोन खात्याने दिलेल्या त्या छोट्या डब्यात बाहेरच्याला आत येण्याची वाट उघडावी लागते, आणि ती नेमकी कोणती हे सांगणारं तेव्हा गावात कोणी नव्हतं. बाई इथे एक सेटिंग बदलायच्या आणि ते चाललं का बघायला एसटीने पावसला जायच्या. चाललं नाही की परत. दुसरं सेटिंग, पुन्हा पावस. तिकडे जायला लागू नये याची सोय करण्यासाठी अकरा दिवस त्या रोज दोन-दोन खेपा करत होत्या. शेवटी कंडक्टरने विचारलं, पावसला काय हरवलंय काय तुमचं?

बाराव्या दिवशी मी माझ्या खोलीत होतो. आमचा शिपाई धाकू दारात येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "अण्णानू, खुर्चीत कोण न्हाय नि बाण फिरतोय." मी जाऊन बघितलं. खुर्ची रिकामी आणि पडद्यावर बाण सावकाश नोंदवहीकडे चाललेला. एक नोंद उघडली. पावसहून फोन आला. पलीकडे बाई होत्या. त्यांनी काही मोठं वाक्य म्हटलं नाही, दोनशे चौदा नंबरचं झाड उघडलंय का तेवढं विचारलं. मी हो म्हटलं. तोवर मुंबईत काय पुण्यात काय, कलमांच्या धंद्यात असं कोणी केल्याचं आमच्या कानावर नव्हतं. ते रत्नागिरीत एका टंकलेखिकेने केलं.

सुरुवातीला भानगडी होत्याच. लाइन तुटून परत आली की सर्व्हरचा पत्ता बदलायचा. चार तुकड्यांचा मोठा आकडा. बाई रोज सकाळी तो सखारामला फोनवर सांगायच्या आणि तो कलमांच्या मांडवातल्या फळ्यावर खडूने लिहायचा. मासळीचा भाव विचारावा तसं कामगार एकमेकांना विचारायचे, आज काय नंबर? पुढे बाईंनी त्या बदलत्या आकड्याला कायमचं नाव जोडून घेतलं आणि फळा मोकळा झाला. पासवर्ड 'गणपती' ठेवा अशी सूचना मीच केली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

आता मी २००७ सालाकडे येतो. अध्यक्षमहाराज, माझी मिनिटं संपत आली असतील. पण आजचं खरं बोलणं इथूनच आहे.

त्या वर्षी आपल्या रोपवाटिकांना मान्यता द्यावी की नाही हे ठरवायला पुण्याहून एक समिती येणार होती. त्याच सुमारास आपल्या काही संचालकांचं मत पडलं की नोंदवही बाहेरच्या एखाद्या कंपनीकडे सोपवावी. तिथे शिकलेली माणसं आहेत, इथे एका बाईच्या भरवशावर किती दिवस चालायचं? समितीने आपली व्यवस्था पसंत केली तर नोंदवही बाईंकडे राहील, नाहीतर त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर बसावं, असं ठरलं. चौतीस वर्षांचं काम एका भेटीवर टांगलं होतं. बाईंना ते माहीत होतं.

समितीने शनिवार निवडला. त्या शनिवारी खंडेनवमी होती.

आपल्याकडे त्या दिवशी काय करतात हे मी तुम्हाला काय सांगू? कोयती, कलमाचे चाकू, कात्र्या, टाइपरायटर, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, त्याला विश्रांती. बाई सकाळीच पावसला समितीच्या स्वागताला गेल्या होत्या. कार्यालयातली पूजा दरवर्षीप्रमाणे माझ्या हातची. मी टाइपरायटरला फुलं वाहिली, कात्र्यांना वाहिली, आणि मग सर्व्हरपुढे आलो. वर्षभर राबणारं हत्यार, ते पूजेतून कसं वगळायचं? मी बटण दाबून तो बंद केला, बटणावर बोटाने हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली. माझा मोबाइलही हत्यारच म्हणून बंद करून शेजारी ठेवला. प्रसाद वाटला, कार्यालयाला कुलूप लावलं आणि घरी जाऊन समाधानाने जेवलो.

इकडे पावसच्या मांडवात समितीचे तिघे, आपले चार संचालक आणि बाई. बाईंनी ब्राउझर उघडला. पान उघडेना. पुन्हा, पुन्हा. कार्यालयाचा फोन नुसता वाजत होता, माझा मोबाइल फुलांखाली. समितीचे प्रमुख घड्याळ बघायला लागले. त्यांनी विचारलं, असं नेहमी होतं का? सखाराम सांगतो की बाई क्षणभर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. खंडेनवमी आहे हे त्यांना दिसलं आणि पुढचं सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. यंत्र चालू ठेवायची जबाबदारी माझी होती."

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी समितीच्या प्रमुखांना सांगितलं, तुम्ही या वाफ्यातलं कुठलंही कलम निवडा. त्याचा नंबर मला दाखवू नका, खिशात घेऊन जा. सोमवारी तुमच्या पुण्याच्या कार्यालयात, तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमचे तुम्ही नोंदवही उघडा. मी फक्त पत्ता आणि त्या दिवसापुरता पासवर्ड देते. त्या माणसाने एक नंबर टिपून घेतला.

सोमवारी सकाळी साडेआठला बाई कार्यालयात आल्या. मी आधीच आलो होतो. शनिवारी काय झालं ते सखारामकडून संध्याकाळीच कळलं होतं आणि दसरा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सर्व्हरवर माळ तशीच होती. बाईंनी ती काढून देवाच्या तसबिरीला घातली, जाळीत अडकलेल्या पाकळ्या चिमटीने काढल्या, ओल्या फडक्याने बटण पुसलं. मी बाजूला उभा. मला वाटलं, आता बोलतील, बोलू देत. त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाल्या, "अण्णा, पुढच्या वर्षी फुलं वाहा. बटणाला तेवढा हात लावू नका."

मी विचारलं, तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, बाहेरच्या माणसांसमोर आपल्या पूजेचं हसं कशाला करायचं?

अकरा वाजता पुण्याहून त्यांनी पान उघडलं. आम्ही सगळे पडद्याभोवती. बाण हलला. अडखळत, थांबत तो नोंदवहीत शिरला, नंबर पडला, सहा हजार तीनशे अठरा. नोंद उघडली: मातृवृक्ष दोनशे चौदा, पावस, बांधणाऱ्याचं नाव, तारीख. सगळं जिथल्या तिथे. बाईंनी इथून एक कोरं पान उघडलं आणि त्यावर टाइप केलं, नमस्कार, रत्नागिरीहून. मग त्याच पानावर, आमच्या कोणाचा हात लागलेला नसताना, एकेक अक्षर उमटायला लागलं: नमस्कार. सगळं दिसलं. धाकूने टाळ्या वाजवल्या आणि मग आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या. मी साठी ओलांडलेला माणूस, कार्यालयात असा आनंद मी दुसरा बघितलेला नाही.

मान्यता मिळाली. नोंदवही रत्नागिरीत राहिली, बाईंकडे राहिली. आज पाच रोपवाटिका ती आपापल्या जागेवरून उघडतात. खंडेनवमीला आता चालू सर्व्हरची पूजा होते.

पण समितीच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती. भेटीच्या दिवशी यंत्रणा बंद आढळली, संबंधित कर्मचाऱ्यास समज द्यावी. तो अहवाल संचालक मंडळापुढे आला. मी चिटणीस म्हणून समोर बसलो होतो. मी तोंड उघडलं नाही. महिन्याभरात संघाची निवडणूक होती, चिटणीसपद पुन्हा हवं होतं, आणि सगळ्या संचालकांसमोर हसं होईल याची लाज होती. ठराव झाला. आणि मग मी, याच उजव्या हाताने, नागवेकरबाईंच्या सेवापुस्तकात शेरा लिहिला: निष्काळजीपणे यंत्रणा बंद ठेवल्याबद्दल समज देण्यात येत आहे. खाली माझी सही. छत्तीस वर्षांच्या त्या पुस्तकात तेवढा एकच वाईट शेरा आहे. बाईंनी तो वाचून पोचल्याची सही केली आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. त्यांनी आजतागायत मला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही.

मला ज्या गोष्टीचा आयुष्यभर अभिमान वाटेल ती या संघात या बाईंनी केली, आणि मला ज्याची आयुष्यभर लाज वाटेल ते मी केलं. दोन्ही एकाच वर्षातलं आहे.

आयोजकांचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेतलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला टोचलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने सोडून द्यावं. शेऱ्याचं मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. बाई, ते मी तुमच्याकडे मागतो. मला क्षमा करा.

अध्यक्षमहाराज, हा माझा सही केलेला जबाब, आणि हे बाईंचं सेवापुस्तक, मी धाकूकडून मागवून घेतलं आहे. चार संचालक व्यासपीठावर बसलेले आहेत, तो शेरा रद्द करण्याच्या ठरावाला तेवढे पुरतात. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं आहेत. बाई साडेपाचपर्यंत आपल्या सेवेत आहेत. हे घ्या पेन.