कळ आणि ठणका

“नुसतं ‘दुखतं’ म्हण ना, आई. ठणका, कळ, असलं गावठी बोललेलं डॉक्टरांना काय समजणार?”

धाराशिवच्या मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात राजेश्वरीनं द्वारकाबाईंना दटावलं. दुसऱ्या दिवशी त्या वारल्या.

महिन्याभरानं ती कागदपत्रांसाठी तिथंच रांगेत उभी होती. मागं दोन शिकाऊ डॉक्टर बोलत होते.

“आजोबांचा मुतखडा कसा ओळखलास रे, पुणेकर?”

“ते म्हणाले, ठणका न्हाय, कळ हाय. कळ येते अन् जाते.”

“हे कुठल्या पुस्तकात?”

“द्वारकाबाईंनी शिकवलं. ‘लेकरा, तुजं मराठी लई कच्चं हाय,’ म्हणायच्या. सरांनी त्यांचे शब्द आता वर्गात फळ्यावर लिहिलेत.”

राजेश्वरी वळली आणि चारचौघांत पहिल्यांदाच आईच्या बोलीत म्हणाली,

“माजी आय हुती ती.”