वरच्या वाडीचा उतार

अगं, मी गाडी चालवायला शिकले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. छोटी एसयूव्ही घेतली, पण कुरवंड्याच्या माझ्या शाळेपर्यंतचा डांबरी रस्ता सोडून ती कधी खाली उतरवली नव्हती.

एका पावसाळी दुपारी शाळा सुटताना वरच्या वाडीतल्या हौसामावशी धावत आल्या. "बाई, सुनेला कळा सुरू झाल्यात! ॲम्ब्युलन्सला यायला तास लागंल म्हणत्यात. तुमची गाडी चढंल का?"

मला काय माहीत? तरी म्हटलं, "बसा."

चढताना गाडी दोनदा घसरली, पण पोहोचली. सुनेला मागच्या सीटवर झोपवलं, तिचा नवरा तिच्या उशाशी बसला आणि मावशी माझ्या शेजारी. खरी परीक्षा उतरताना होती. एका बाजूला दरी, सगळीकडे लाल चिखल, आणि माझा पाय ब्रेकवर.

"ब्रेक दाबू नगा, बाई!" मावशी ओरडल्या. "चाकोरीत बी घालू नगा. कडंच्या दगडांवरनं हळूहळू घ्या."

मी पहिला गिअर टाकला आणि त्या बोट दाखवतील तिकडे स्टिअरिंग वळवत गेले. डांबर लागल्यावर जी सुटले, ती थेट लोणावळ्याच्या दवाखान्यात.

थोड्याच वेळात नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप! मी आनंदाने मावशींना मिठीच मारली.

"मावशी, तुम्हाला रस्ता दाखवता आला म्हणून जमलं. भीती नाही वाटली?"

"तवा कुटं वाटली?" मावशी भिंतीला टेकत खाली बसल्या. "आत्ता वाटतीय. डोळं मिटून सांगत व्हते मी, दरी दिसलीच कुटं!"