खोडरबरातून वाचलेली ओळ

विषय : जुन्या छापील पुस्तकांतील मालकांच्या सह्या व वाचकांची टिपणे पाहू देण्याबाबत.

हा पुण्याच्या एका बाईंचा अर्ज. त्यांचा प्रबंधच अशा टिपणांवर होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी जामखेडकडच्या एका वाचनालयात कारकून होतो. अर्ज वाचून आमचे ग्रंथपाल घाबरले. पुस्तकं खराब होऊ दिली म्हणून तपासणी येतेय, असा त्यांनी अर्थ काढला.

बाई आल्या, तेव्हा शिपाई भिकाजी अभिमानाने म्हणाला, "मॅडम, आठ दिस खोडरबर घेऊन बसलो हुतो. पेन्सिलीची एक रेघ न्हाई ठेवली."

तरी बाई एकेक पुस्तक उघडत बसल्या. संध्याकाळपर्यंत पानं उलटून त्यांना शाईतली एकच ओळ सापडली : 'हे पुस्तक खर्ड्याच्या वैद्यांचे. वाचून परत करणे.'

"निदान एवढ्याची तरी नक्कल घेऊ द्या," बाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी ओळ दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं. "म्हणजे हे आपलं नाहीच. आधी मालकांची परवानगी आणा."

वैद्यांना जाऊन शंभरेक वर्षं झाली असावीत. मी निवृत्त झालो, तेव्हा अर्जावर शेरा होता : मालकाच्या परवानगीअभावी प्रलंबित.