मालकीणबाई अहो म्हणेल की अरे?

...आणि वर लोक मलाच विचारतात, 'मजा असेल हो तुमच्याकडे, दिवसभर हसणं-खिदळणं!' डोंबलाची मजा! तुम्हाला सांगते, ज्या घरात विनोदी मालिकेचा निर्माता राहतो ना, त्या घरात कुणी हसत नाही. आमचे हे, दिगंबर म्हणजे, जेवताना सुद्धा रोखून बघणार, 'आत्ता हसलीस ती मनापासून, का माझ्यासाठी?' आता घास घशात अडकलेली बाई काय उत्तर देणार? हसवणं सोपं नाही हो, त्यातून पुण्यात!

आधी बुधवार पेठेतल्या एका गाळ्यात बसून लग्नाच्या कॅसेटी जोडायचे, मग गणपतीत गल्लीच्या केबलवर विनोदी कार्यक्रम, मग एकदम चॅनेलच चॅनेल झाले आणि ह्यांना मालिका मिळाली! एक भाडेकरू, एक मालकीणबाई, तो खोली सोडत नाही आणि ती त्याला सोडत नाही, बास! तेरा भाग झाले आणि मुंबईहून चॅनेलचा निरोप... पुण्यात कुणी हसत नाहीये, चौदावा भाग लोकांना बसवून दाखवा, आमचा माणूस हशे मोजेल, पंचवीस भरले तर ठीक, नाहीतर मालिका बंद! बंद झाली तर काय, माझ्या बहिणीच्या विश्वजीतनं खराडीला त्याच्या कंपनीत खुर्ची धरूनच ठेवली होती. 'काका, कॉल सेंटरच्या मुलांना हसून बोलायला शिकवा, नाइन टु सिक्स, नो टेन्शन!' ह्यांनी गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रासाठी फोटोसुद्धा काढला. तो फोटो बघून मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू?

तर सदाशिव पेठेतला हॉल, भर दुपार, दोनशे माणसं, आणि कोपऱ्यात चॅनेलचा तो अभिनव, हातात बटण दाबून मोजायचं यंत्र. भाग सुरू झाला. दहा मिनिटं... टिक नाही! वीस मिनिटं... टिक नाही! सगळे हाताची घडी घालून, आम्ही काहीतरी खपवायला आलोय असे बसलेले! मध्येच एकजण खोकला, तर अभिनवचा अंगठा लगेच वर, 'सर, ये हँसी थी?' आणि आमचे हे काय म्हणावेत? 'नाही हो, सर्दी!' अहो, एक टिक फुकट मिळत होती! हसवणं सोपं नाही हो, त्यातून पुण्यात!

आणि तेवढ्यात लाइट गेले. म्हटलं, झालं, संपलं! पण कुणी उठेचना. पहिल्या रांगेतल्या बाई, सुशीलाबाई हे नाव मला मागाहून कळलं, ठणकावून म्हणाल्या, 'अहो निर्माते, वीज तुमची नाही हे मान्य, गोष्ट तर तुमचीच ना? मग पुढचं तोंडी सांगा!'

आता हे जन्मात कधी स्टेजवर चढलेले नाहीत. चढले बिचारे! डोक्यावर रुमाल घेतला आणि मालकीणबाईचा आवाज काढला, 'अहो, खोली कधी सोडताय?' तर मागून रंगराव नावाचे पेन्शनर ताडकन उभे, 'चूक! साफ चूक! तिसऱ्या भागात नळावरून भांडण झालं, तेव्हापासून ती त्याला अरे म्हणते!' सुशीलाबाई गप्प बसतात होय? 'आणि सातव्या भागात त्यानं तिच्या आईला दवाखान्यात नेलं, ते विसरलात? तेव्हापासून पुन्हा अहो!' झालं! अर्धा हॉल अहोवाला, अर्धा अरेवाला, बाराव्या भागाचे दाखले, चौथ्या भागातली चहाची कपबशी... हे आपले मध्ये रुमाल घेऊन उभे! अभिनव तर हादरलाच. 'सर, हँसा कोई नहीं... लेकिन इन्होंने तो सारे एपिसोड देखे हैं!' आणि त्यानं ते यंत्र खिशात टाकलं.

चौथ्या दिवशी फोन आला. अजून बावन्न भाग! हे जिन्याच्या पायरीवर मटकन बसले, आणि मी? तिथूनच विश्वजीतला कळवलं, 'ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे रे बाबा.'

फक्त आता आमचा नंबर सगळ्या पेठेला पाठ झालाय. ह्यांना नाही, मला फोन करतात, संवाद सुधारून देतात! काल सुशीलाबाईंनी तर सरळच विचारलं, 'अहो, पण तो भाडेकरू एकदाचा खोली सोडणार कधी?'

म्हटलं, 'बाई, तो तिथं ठाण मांडून बसलाय, म्हणून तर आमचे हे घरी बसलेले नाहीत!'