एकमतानं मंजूर

‘एकमतानं’ हा शब्द माझ्यापुढं काढूच नका. निजामाच्या राज्यात पेडगावला आमच्या पक्षाची चोरून बैठक भरली. पुढारी म्हनले, "अध्यक्ष मीच ऱ्हानार. विरोध आसंल त्यानं हात वर करा."

मेंढरं राखणाऱ्या आमच्या धोंडिबानं केला की वर!

"हात खाली घे!"

"मग वर करा म्हनलाव कशाला? निजाम तरी इचारीत न्हाई."

फितूर म्हनून त्याला पक्षातून हाकललं. पुढं पोलिसांनी धरलं, पुढाऱ्याचा पत्ता इचारत दोन्ही हात मोडले, ते कायमचे लुळे पडले. धोंडिबानं तोंड उघडलं न्हाई.

निजाम गेला, धोंडिबाला परत घेतलं. बैठकीत तेच पुढारी, "विरोध आसंल त्यानं हात वर करा."

माझ्या शेजारी बसलेल्या धोंडिबाचे खांदे तेवढे हलले.

पुढारी म्हनले, "एकमतानं मंजूर!"