हरीशच्या बर्फाचं काय घेऊन बसलात!

...आणि परत फोटो! एक नाही, दोन नाही, ओळीनं! हरीश बर्फात, उल्का बर्फात, हरीश आणि उल्का दोघं मिळून बर्फात, आणि शेवटी नुसताच बर्फ! म्हणजे त्यात कोणीच नाही, तरी बघा! अहो, नुसता बर्फ काय बघायचा? आमच्या फ्रीजरमध्ये आहे की! पण नाही... मंजूषा, म्हणजे आमची ही, चहाचा कप हातात धरून तो नुसता बर्फ इतका वेळ बघते, इतका वेळ बघते, की चहावर साय येते, आणि मग एक उसासा टाकते. आता तो उसासा कुणाच्या नावानं असतो हे कळायला काय फार हुशारी लागते? तुम्हाला सांगतो, मला हेवा वाटतो असं नाही हं. अजिबात नाही.

आता हरीश कोण, ते सांगायलाच हवं. हरीश म्हणजे इथे आइंडहोवनला माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस. चिप बनवायच्या मशीनवर आम्ही दोघं काम करायचो, एकाच स्टँडला सायकली लावायचो, एकाच मायक्रोवेव्हसमोर डबे घेऊन रांगेत उभे राहायचो. मग एके वर्षी काय झालं, त्याचा विभागच बंद झाला. आम्ही सगळे हळहळलो. मी तर घरी जाऊन मंजूषाला म्हटलंसुद्धा, ‘अगं, बिचाऱ्याचं कसं होणार?’ बिचारा! तो बिचारा बायकोला घेऊन सरळ ऑस्ट्रियात डोंगरातल्या एका गावात जाऊन बसला! डिसेंबर ते ईस्टर तिथे आणि उरलेलं वर्ष इथे. काम काय करतो माहितीये? स्कीवाल्यांना वर न्यायची ती लोंबती खुर्ची असते ना, ती आली की धरायची, लोकांना बसवायचं आणि सोडून द्यायची. एम. टेक. झालेला माणूस! पुण्यात त्याचे वडील शेजाऱ्यांना काय सांगत असतील? ‘चिरंजीव ट्रान्सपोर्टमध्ये आहेत’? आणि उल्का एका हॉटेलात सकाळचा नाश्ता सांभाळते. आणि ईस्टरनंतर परत येतात तेव्हा दोघांची नाकं उन्हानं अशी तांबूस, पोट सपाट, डोळ्यांत चमक... आणि आमच्या इथे काय? पाऊस. समोरून वारा. सायकल घेऊन उजवीकडे वळलो तरी समोरून, डावीकडे वळलो तरी समोरूनच! आइंडहोवनमध्ये चढ म्हणजे काय, तर सायकलचा पूल. त्यावर उभं राहून फोटो काढायचा का मी?

बरं, उल्काचा फोन आला की मंजूषा मुद्दाम स्पीकरवर ठेवते. ‘अय्या मंजू, अगं तुम्ही अजून तिथेच? अगं इथे सकाळी डोळे उघडले ना, की डोंगर खिडकीत!’ आमच्या खिडकीत समोरच्या डच आजोबांचा हिरवा कचऱ्याचा डबा. तोही मंगळवारी उचलून नेतात. ‘या ना फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सुट्टीत,’ उल्का म्हणाली, आणि मी ‘ऑफिसचं जरा बघतो’ म्हणेपर्यंत मंजूषा ‘येतो’ म्हणून मोकळी!

गेलो. आख्खा जर्मनी ओलांडून गेलो. आणि खरं सांगू? जाताना मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की काहीतरी खोट निघू दे. भांडतात असं दिसू दे, घरात ओल असू दे, निदान नळाला गरम पाणी नसू दे! आणि पोचलो तर काय, एका गॅरेजवरची एक खोली! एक! त्यातच ओटा, त्यातच पलंग, पलंगाखाली कुकर, डाळीचे डबे आणि पोळपाट. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मंजूषाला कोपरानं ढोसलं, डोळ्यांनी म्हटलं, बघ. तेवढ्यात उल्कानं पडदा सरकवला... आणि तो डोंगर! कुणीतरी भिंतीवर टांगल्यासारखा, संध्याकाळच्या उन्हात गुलाबी झालेला! मंजूषा ‘आई गं’ म्हणाली आणि पुढचा कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मंजूषा! जी झोपेतसुद्धा बोलते! पण हेवा? छे. मला हेवा वाटतो असं नाही हं.

मी हरीशला फिरायला म्हणून बाहेर काढलं. म्हटलं, आता याच्या पोटात शिरू. ‘काय रे हरीश, खरं सांग, करमतं का इथे?’ हरीश पूर्वी टेबलावर मूठ आपटून बोलायचा, तो आता कसा बोलतो ऐका. ‘अंबरीश... नोकरी गेली ना... तेव्हा मी घरातून बाहेरच पडत नव्हतो रे. दाढी नाही, आंघोळ नाही. कुणाचा फोन घ्यायचो नाही. उल्काला वाटलं, हा माणूस हातचा जातोय. तिनंच हे काम शोधलं, मला गाडीत घातलं आणि इथे आणलं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही त्या खोलीत भांडभांड भांडलो. पण एक होतं. रोज सकाळी कुणीतरी खुर्चीत बसायचं आणि मला थँक्यू म्हणायचं. ऑफिसात मला कोण थँक्यू म्हणत होतं?’

अहो, मी शेजारच्या टेबलावर होतो आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं हो मला. पण त्याबरोबरच दुसरा विचार आला, की बघा, दुःखसुद्धा याचं कसं उंचावरचं! त्यातून सावरला तो थेट डोंगरावर! आम्हाला वाईट वाटलं तर आम्ही कुठे जाणार, त्या सायकलच्या पुलावर?

दुसऱ्या दिवशी स्की शिकायचं. मोठ्यांचा वर्ग भरलेला. म्हणून मला आणि मंजूषाला टाकलं लहान मुलांच्या वर्गाच्या कडेला, जिथे जमिनीवरून एक सरकता पट्टा हळूहळू वर नेतो. पायात ते बूट! बूट कसले, दोन बादल्या! मी पट्ट्यावर चढलो, पडलो. माझ्यावर एक चार वर्षांची मुलगी पडली, तिच्यावर तिचा भाऊ, आणि ती दोघं उठून गेली तरी मी तिथेच! पट्टा थांबवावा लागला हो माझ्यासाठी! आणि खाली सगळी रांग डच! कार्निव्हलच्या सुट्टीत आख्खं ब्राबांत, म्हणजे आमचा आइंडहोवनचा प्रांत, तिथे येतं ना. त्या गोंधळात मुलांनी जो काही गळा काढला... एक रडलं की दुसरं, दुसरं की तिसरं, आणि शिकवणारा ऑस्ट्रियन पोरगा जर्मनमध्ये समजावतोय, मुलांना ओ की ठो कळत नाहीये.

आणि मंजूषा गेली पुढे. आता मंजूषा इथे आइंडहोवनला डच पाळणाघरात काम करते, हे तुम्हाला माहीतच नाही. स्वानंदी, आमची मुलगी, एनस्खेडेला इंजिनिअरिंगला गेल्यापासून घर खायला उठतं म्हणून तिनं ते धरलं. सोबत डचही शिकली, अस्खलित. माझं डच म्हणजे दुकानात काउंटरवरच्या मुलीनं ‘बॉनेत्ये?’ म्हणजे पावती हवी का विचारलं की ‘ने’, म्हणजे नको, म्हणायचं. संपलं. तर ही त्या बादल्या पायात घालून बर्फात फतकल मारून बसली आणि ‘कोम मार, स्खाटये, नीट हाउलन,’ म्हणजे ये रे सोन्या, रडू नको, असं म्हणत एकेकाचं नाक पुसायला लागली. सगळी पोरं गप्प! एकाला तर तिनं हात धरून उतारावरून खालीही आणलं. स्वतः पहिल्यांदा स्की पायात घातलेली बाई! मी पट्ट्याशेजारी उताणा पडून बघतोय.

स्की स्कूलची मुख्य बाई हे सगळं बघत होती. आली, मंजूषाला बाजूला घेतलं, कॉफी पाजली आणि काय म्हणाली? ‘आमच्याकडे निम्मी मुलं डच असतात, तुमच्यासारखं कुणी मिळत नाही. पुढच्या सीझनला याल का?’ पासपोर्ट डच आहे, म्हणजे कागदांची अडचण नाही. तीच एक आशा होती हो मला!

परतीच्या आख्ख्या जर्मनीत आम्ही भांडलो. ‘मंजू, आपलं वय बघ.’ ‘बघितलं.’ ‘मंजू, चार महिने मी काय करू?’ ‘जे आत्ता करतोस तेच. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी लॅपटॉप. मी घरात असले काय आणि नसले काय, तुला कळतं तरी का?’ मग म्हणाली, आणि हे मात्र हळू म्हणाली, ‘अंबरीश, त्या बाईनं मला विचारलं रे. इतक्या वर्षांत तुझ्या मागून मी कुठे कुठे आले. मला, माझ्यासाठी, पहिल्यांदा कुणी ये म्हणालं.’

मी स्वानंदीला फोन लावला, म्हटलं पोरगी तरी बापाच्या बाजूनं बोलेल. ‘बाबा, लेट हर गो, ना. यू आर जस्ट जेलस.’ मी! जेलस! मी तिला स्वच्छ मराठीत सांगितलं की मला हेवा वाटतो असं नाही. ती नुसती हसली. बापाला हसली!

तर डिसेंबरात मंजूषा चाललीय. उल्कानं तिच्यासाठी खालच्या आळीत खोलीही बघून ठेवलीय, डोंगर दिसणारी. आणि तुम्हाला सांगतो, हरीशचा हेवा मी इतकी वर्षं करत आलो, हो, करत आलो, घ्या, म्हटलं एकदाचं! त्याची मला सवय होती. तो लांब होता. पण स्वतःच्या बायकोचा हेवा करायचा तर कुठे बसून करायचा? एकाच सोफ्यावर?

शेवटी मीच त्या स्की स्कूलच्या बाईला लिहिलं. म्हटलं, ख्रिसमसच्या सुट्टीत मीही येऊ शकतो, अनुभवी इंजिनिअर आहे, काहीही काम द्या. तिचं उत्तर लगेच आलं, फार सभ्य. डच येत नाही, जर्मन येत नाही, स्की येत नाही, त्यामुळे एकच जागा आहे म्हणाली. मुलांचं स्वागत करायला एक मोठं केसाळ अस्वल लागतं. आत शिरायचं, दाराशी उभं राहायचं आणि हात हलवायचा. बोलायची अजिबात गरज नाही.

मी ‘हो’ म्हटलंय. आत गरम असतं म्हणे.